ग्राफिक्स कार्डाच्या नावाशेजारी चार आकडे छापा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की वृत्तपत्रांत संगणक आणि लॅपटॉप यांच्या पानभर जाहिराती येऊ लागतात आणि त्याच सुमारास मला पालकांचे फोन सुरू होतात. मी कोल्हापुरात संगणक जोडणी आणि दुरुस्ती शिकवतो. माझे बरेच विद्यार्थी पुढे ॲनिमेशन, वास्तूंची त्रिमितीय चित्रे किंवा लग्नसमारंभांचे व्हिडिओ एडिटिंग या कामांकडे वळतात, आणि त्या कामांसाठी लागणारे ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरची चित्रे तयार करणारा संगणकाचा भाग) हा घरच्या अंदाजपत्रकातला सर्वांत मोठा आकडा असतो. गेली दोन-तीन वर्षे पालकांचा प्रश्न जवळजवळ एकाच शब्दांत येतो आहे : "सर, थर्टी-सिक्स्टी घ्यावं की फोर्टी-सिक्स्टी? फोर्टीवालं नवं आहे, म्हणजे ते चांगलंच असणार ना?"

एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ३०६० आणि आरटीएक्स ४०६० या दोन कार्डांविषयीचा हा प्रश्न आहे. आता त्यांच्या पुढची पिढीही बाजारात आली आहे. तरीही ही दोन कार्डे नवी आणि जुनी अशा दोन्ही बाजारांत हजारो घरांपर्यंत पोहोचलेली आहेत आणि जुन्या कार्डांच्या खरेदी-विक्रीत आजही त्यांचीच नावे सतत ऐकू येतात. पालकांच्या प्रश्नाला "हो" किंवा "नाही" असे एका शब्दाचे उत्तर देता येत नाही. ते का देता येत नाही हे नीट समजावून सांगावे आणि त्याच्या आधारे आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणी करावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आधी आकडे पाहू. ३०६० हे कार्ड २५ फेब्रुवारी २०२१ रोजी ३२९ डॉलर किमतीला आले. त्यात ३५८४ कूडा कोअर (चिपमधले गणिते करणारे छोटे घटक), १२ जीबी मेमरी आणि १९२ बिट रुंदीची मेमरी बस (चिप आणि मेमरी यांच्यातली माहितीची वाट) होती, आणि ते पूर्ण भारावर १७० वॉट वीज घेई. ४०६० त्यानंतर सव्वादोन वर्षांनी, २९ जून २०२३ रोजी, २९९ डॉलरला आले. नव्या कार्डात सर्व काही वाढले असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात कोअर ३०७२ झाले, मेमरी ८ जीबीवर आली, बस १२८ बिटांची झाली आणि वीज ११५ वॉटवर उतरली. वाढला तो मुख्यत्वे वेग. जुन्या कार्डाची चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनलेली होती, तर नवी चिप तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या अधिक प्रगत प्रक्रियेवर बनली, त्यामुळे तिचा बूस्ट क्लॉक, म्हणजे भार असताना चिप गाठते तो वेग, १७७७ मेगाहर्ट्झवरून २४६० मेगाहर्ट्झपर्यंत जाऊ शकला. कोअरची संख्या, क्लॉक आणि दोन यांचा गुणाकार केला की कार्डाची कागदावरची गणनक्षमता मिळते : ३०६० साठी ती सुमारे १२.७ टेराफ्लॉप्स (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणिते) आणि ४०६० साठी सुमारे १५.१ टेराफ्लॉप्स भरते. म्हणजे कोअर सातव्या हिश्शाने कमी असूनही नवे कार्ड गणनेत जवळजवळ १९ टक्के पुढे आहे, आणि १०८० पी (१९२० गुणिले १०८० पिक्सेल) रिझोल्यूशनवर संगणकीय खेळांच्या ज्या चाचण्या झाल्या त्यांतही सरासरी फरक साधारण २० टक्क्यांच्या आसपासच दिसला. तेही तिसऱ्या हिश्शाने कमी वीज घेऊन. ही अभियांत्रिकीची खरी कामगिरी आहे आणि ती मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे.

विजेचा हिशेब आपल्याकडे सहसा कोणी करत नाही, म्हणून तोही मांडतो. दोन्ही कार्डे पूर्ण भारावर दिवसाला सहा तास चालली तर ५५ वॉटच्या फरकाने वर्षाला सुमारे १२० युनिट वाचतात. युनिटमागे १० रुपये धरले तर १२०० रुपये. एका घरासाठी ही रक्कम फार मोठी नाही, पण पंचवीस संगणकांच्या प्रशिक्षण वर्गासाठी तीच वर्षाला तीस हजार होते, शिवाय मे महिन्यात त्या खोलीतली उष्णताही कमी होते.

इथपर्यंत पाहिले तर ४०६० घ्यावे असेच कोणीही म्हणेल. खरा गुंता मेमरीत आहे, आणि बॉक्सवर किंवा जाहिरातीत त्याबद्दल "८ जीबी" या दोन शब्दांपलीकडे काही लिहिलेले नसते.

मेमरीच्या बाबतीत दोन वेगळे प्रश्न असतात : ती किती आहे, आणि तिच्यातून माहिती किती वेगाने आत-बाहेर होते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर साध्या गणिताने मिळते. बसची रुंदी बिटांत घ्यायची, तिला मेमरीच्या प्रत्येक बिटामागच्या वेगाने गुणायचे आणि आठाने भागायचे. ३०६० ची मेमरी सेकंदाला १५ गिगाबिट वेगाने चालते, म्हणून १९२ गुणिले १५ भागिले ८, म्हणजे सेकंदाला ३६० जीबी. ४०६० ची मेमरी १७ गिगाबिट वेगाची, पण बस १२८ बिटांची, म्हणून सेकंदाला २७२ जीबी. नव्या कार्डाचा हा वेग जुन्यापेक्षा जवळजवळ चौथ्या हिश्शाने कमी आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी चिपमधला एल-२ कॅश, म्हणजे चिपच्या आतली छोटी पण वेगवान मेमरी, ३ एमबीवरून २४ एमबीपर्यंत वाढवला गेला. लागणारी माहिती चिपच्या आतच सापडली की मेमरीपर्यंतच्या फेऱ्या कमी होतात, आणि १०८० पी वर हा उपाय बऱ्यापैकी लागू पडतो. रिझोल्यूशन वाढले की एकेका चित्रासाठी लागणारी माहिती कॅशमध्ये मावेनाशी होते आणि नव्या कार्डाची आघाडी आक्रसत जाते.

कॅशमुळे वेगाचा प्रश्न सुटतो, जागेचा सुटत नाही. माझ्या विद्यार्थ्यांचे काम मुख्यतः ब्लेंडर या त्रिमितीय चित्रे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चालते, म्हणून तिथलेच उदाहरण देतो. भिंत, लाकूड, कापड अशा एखाद्या पृष्ठभागासाठी ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेलचे टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागावर चढवायचे चित्र, वापरले आणि प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले, तर ते एकच चित्र मेमरीत ६४ एमबी जागा घेते. एका पृष्ठभागाला रंग, खडबडीतपणा, उठाव वगैरे मिळून अशी चार चित्रे सहज लागतात. एका दिवाणखान्याच्या दृश्यात असे तीस पृष्ठभाग असले की १२० चित्रे झाली आणि साडेसात जीबी जागा केवळ टेक्स्चरनेच भरली. त्रिमितीय आकृत्या, प्रकाशाची गणिते आणि समोरच्या स्क्रीनचा हिस्सा अजून बाकीच आहे. खेळांमध्ये टेक्स्चर दाबून लहान केलेली असतात म्हणून तिथे हा आकडा इतका फुगत नाही, पण रेंडरिंगच्या, म्हणजे दृश्यावरून अंतिम चित्र काढण्याच्या, कामात तो फुगतोच. दृश्य मेमरीत मावते तोवर ४०६० चे रेंडर लवकर पूर्ण होते. ते मावेनासे झाले की माहिती संगणकाच्या मुख्य रॅममध्ये ठेवावी लागते आणि प्रत्येक वेळी मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डापर्यंत आणावी लागते. या क्षणी १२ जीबीचे जुने कार्ड शांतपणे पुढे निघून जाते.

आणि याच ठिकाणी तिसरा आकडा आडवा येतो, जो मी आजवर एकाही जाहिरातीत पाहिलेला नाही. ३०६० स्लॉटमधल्या सोळा लेन (माहिती ने-आण करणाऱ्या मार्गिका) वापरते आणि ४०६० आठच. दोन्ही कार्डे या स्लॉटच्या पीसीआय एक्स्प्रेस ४.० प्रमाणकाची आहेत. नव्या मदरबोर्डवर आठ लेनमधून एका दिशेने सेकंदाला सुमारे १६ जीबी माहिती जाते, पण जुन्या ३.० प्रमाणकाच्या मदरबोर्डवर तीच वाट निम्मी होऊन ८ जीबीवर येते, तर ३०६० ला त्याच जुन्या बोर्डवर सोळा लेनमुळे १६ जीबी मिळत राहतात. इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतचे डेस्कटॉप प्रोसेसर ३.० वरच चालतात, आणि आपल्याकडे घराघरांत असलेले असेंबल केलेले पीसी बरेचसे त्याच काळातले किंवा त्याआधीचे आहेत. म्हणजे ज्याची मेमरी आधी भरते त्याच कार्डाची बाहेरची वाटही जुन्या संगणकात अरुंद होते. जुना पीसी ठेवून फक्त कार्ड बदलणाऱ्या मध्यमवर्गीय ग्राहकाला हे आधी कळायला नको का?

या वर्षी एका विद्यार्थ्याने २०२१ मध्ये घेतलेले ३०६० विकून ४०६० घ्यायचे ठरवले होते. त्याचा संगणक नवव्या पिढीच्या प्रोसेसरचा होता आणि काम घरांच्या अंतर्गत सजावटीच्या चित्रांचे. कागदावर वरची सगळी आकडेमोड आम्ही दोघांनी मिळून केली. त्याने जुने कार्ड ठेवले आणि ते पैसे रॅम व एका चांगल्या एसएमपीएसवर (संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागावर) खर्च केले. त्याच आठवड्यात लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या दुसऱ्या एका मुलाला मी ४०६० घ्यायला सांगितले. त्याचा बोर्ड नवा होता, त्याच्या कामाला ८ जीबी पुरत होती, आणि ४०६० मध्ये एव्ही१ या व्हिडिओ दाबून लहान फाइलमध्ये साठवण्याच्या स्वरूपात व्हिडिओ एन्कोड करण्याची सोय चिपमध्येच आहे. ३०६० एव्ही१ व्हिडिओ वाचू शकते, पण तयार करू शकत नाही. कार्डे तीच, आठवडा तोच, आणि दोघांना दिलेली उत्तरे मात्र उलट. "नवे म्हणजे चांगले" हा विक्रेत्याचा सल्ला या दोघांपैकी एकाच्या बाबतीत नक्की चुकला असता.

कामगिरीच्या आलेखांबद्दलही थोडे लिहिणे भाग आहे, कारण ते हल्ली दुकानांतल्या फलकांवरही लावलेले दिसतात. ४०६० मध्ये फ्रेम जनरेशन नावाची सोय आहे. कार्डाने खरोखर काढलेल्या दोन चित्रांच्या मध्ये एक चित्र अंदाजाने तयार करून घातले जाते, त्यामुळे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, म्हणजे एफपीएस, मोठी होते. कंपनीची ही सोय ३०६० वर चालत नाही. हालचाल डोळ्यांना अधिक सलग दिसते हे खरे आहे. मात्र माउस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंत लागणारा वेळ या मधल्या चित्राने कमी होत नाही, कारण ते तयार करण्यासाठी पुढचे खरे चित्र हाती येईपर्यंत थांबावेच लागते. शिवाय या सोयीला स्वतःची मेमरीही लागते. म्हणून एका कार्डाचा आकडा ही सोय चालू ठेवून आणि दुसऱ्याचा बंद ठेवून शेजारी-शेजारी मांडला तर ती तुलना न्याय्य ठरत नाही. तुलना करायची तर प्रोसेसर, रिझोल्यूशन आणि सेटिंग दोन्हीकडे सारखी हवीत, आणि सरासरी एफपीएसबरोबर सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा आकडाही हवा. ६० एफपीएसला प्रत्येक चित्रासाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. सरासरी ७० दिसत असेल, पण मेमरी भरल्यामुळे अधूनमधून एखाद्या चित्राला ८० मिलिसेकंद लागत असतील, तर खेळणाऱ्याला तो झटका जाणवतो आणि सरासरीत तो कुठेही दिसत नाही.

नावांचा घोळ याहून वेगळा आहे आणि मला तो अधिक गंभीर वाटतो. २०२२ च्या अखेरीस आरटीएक्स ३०६० याच नावाने ८ जीबीचे आणखी एक कार्ड बाजारात आले. त्याची बस १२८ बिटांची आहे आणि मेमरीचा वेग सेकंदाला २४० जीबी, म्हणजे मूळ कार्डाच्या दोन-तृतीयांश. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी एका दुकानातून कोटेशन घेतले होते. त्यात कार्डाचे फक्त नाव आणि किंमत होती. मुलाने १२ जीबी गृहीत धरले, घरी आले ते ८ जीबीचे, आणि "नाव तर तेच आहे" एवढ्या एका वाक्यावर दुकानदाराने परत घेण्याचा विषय संपवला. कोटेशनवर मेमरी लिहिलेली नसल्यामुळे त्या वडिलांना पुढे काही म्हणताही आले नाही. हा प्रकार नवा नाही. २०१६ मध्ये जीटीएक्स १०६० चे ३ जीबी आणि ६ जीबी असे दोन प्रकार आले, तेव्हा केवळ मेमरीच नव्हे तर कोअरही वेगळे होते, ११५२ आणि १२८०. २०१८ मध्ये जीटी १०३० याच नावाखाली वेगवान जीडीडीआर५ ऐवजी संथ डीडीआर४ मेमरीचा प्रकार आला आणि मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून १७ जीबीच्या खाली गेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मात्र जगभरातून टीका झाल्यावर कंपनीने १२ जीबीचे आरटीएक्स ४०८० विक्रीला येण्याआधीच मागे घेतले आणि नंतर ते दुसऱ्या नावाने आणले. ग्राहकांनी आणि पत्रकारांनी आवाज उठवला तर फरक पडतो, याचा तो पुरावा आहे.

लॅपटॉपच्या जाहिरातींत हा गोंधळ सर्वाधिक आहे. डेस्कटॉपचे ३०६० मूळचे १२ जीबीचे, पण लॅपटॉपमधले ३०६० हे ६ जीबीचे असते. लॅपटॉपमधल्या ४०६० ला निर्माता ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही वीज देऊ शकतो, आणि कमी वॉटच्या पातळ लॅपटॉपमधले तेच कार्ड जाड लॅपटॉपमधल्या कार्डाच्या बरेच मागे पडते. दोन्हींच्या झाकणावरचा स्टिकर एकसारखाच असतो. २०२१ मध्ये कंपनीने लॅपटॉप निर्मात्यांना वॉटचा आणि क्लॉकचा आकडा आपापल्या संकेतस्थळांवर द्यायला सांगितले, पण वृत्तपत्रातली जाहिरात पाहून दुकानात गेलेल्या पालकांपर्यंत तो पोहोचत नाही.

फ्रिज किंवा एसी घेताना वर्षाला किती युनिट जळतील हे दारावरच्या लेबलवर वाचता येते. ऊर्जा दक्षता ब्युरोची ही पद्धत २००६ पासून सुरू आहे आणि आता किराणा मालाचे दुकान चालवणारा माणूसही तारे मोजून फ्रिज निवडतो. ग्राफिक्स कार्डाची किंमत मध्यम आकाराच्या फ्रिजइतकी किंवा त्याहून जास्त असते आणि त्यावर ग्राहक १८ टक्के जीएसटी भरतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने वस्तूची गुणवत्ता, प्रमाण, क्षमता, दर्जा आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. कार्डाची क्षमता सांगायला नाव पुरेसे नाही, हे वरच्या उदाहरणांवरून स्पष्ट व्हावे.

पुढच्या पिढीतही हा प्रश्न मिटलेला नाही. मे २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०६० मध्ये नव्या जीडीडीआर७ मेमरीमुळे १२८ बिटांच्या बसवरही सेकंदाला ४४८ जीबी वेग मिळाला, पण मेमरी ८ जीबीच राहिली आणि लेनही आठच. इंटेलने मात्र डिसेंबर २०२४ मध्ये आर्क बी५८० हे १२ जीबीचे, १९२ बिट बसचे कार्ड २४९ डॉलरला आणले, म्हणजे या किमतीत जास्त मेमरी देणे अशक्य नाही. त्या कार्डाची अडचण वेगळी आहे : जुन्या संगणकात रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची संपूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसेल तर त्याची कामगिरी घसरते. हेही जाहिरातीत कोणी सांगत नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे. आपले वृत्तपत्र संगणकाच्या जाहिराती स्वीकारते तेव्हा कार्डाच्या नावाशेजारी चार आकडे छापण्याचा आग्रह जाहिरातदाराकडे धरावा : मेमरी किती व कोणत्या प्रकारची, बस किती बिटांची, वीज किती वॉट आणि लेन किती. लॅपटॉपसाठी मेमरी आणि वॉट हे दोन पुरेसे आहेत. जाहिरातीतल्या एका ओळीत ते सहज मावतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या घाऊक बाजारापासून तालुक्याच्या ठिकाणच्या दुकानापर्यंत विक्रेत्यांच्या ज्या संघटना आहेत त्यांनी कोटेशन आणि बिल यांवर कार्डाचा पूर्ण मॉडेल क्रमांक आणि मेमरी लिहिण्याचा नियम करावा. तसे लिहिलेले नसेल तर पालकांनी पैसे देण्याआधी ते लिहून मागावे, आणि लिहिल्याप्रमाणे वस्तू मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. आपल्या तंत्रज्ञानविषयक सदरात दोन कार्डांची तुलना येईल तेव्हा ती १०८० पी वरच्या सरासरी एफपीएसवर न थांबता, जुन्या मदरबोर्डवर काय होते आणि मेमरी भरल्यावर काय होते, हेही वाचकांना सांगावे.

पुढच्या जूनमधल्या प्रवेश पुरवणीत ही चार आकड्यांची चौकट छापायची झाल्यास मजकूर तयार करून द्यायला मी आनंदाने तयार आहे.

आपला विश्वासू,
संगणक जोडणी व दुरुस्तीचा एक शिक्षक,
कोल्हापूर